डोंगरांच्या कुशीतली खाडी आणि दोन नांगर: गायमुखजवळच्या एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

कोजागरीच्या रात्री गायमुखच्या वळणावर एका छोट्या यॉटने नांगर कसा टाकला, तसाच का टाकला आणि मध्यरात्रीच्या आधी आलेल्या वादळी वाऱ्यात ती जागेवर कशी राहिली, त्याची ही पूर्ण हकीकत. त्या रात्री मी होडीवर होतो. होडी आणि निर्णय मालकाचे होते, मी सोबतीला होतो. त्याची बायको आणि कॉलेजात शिकणारी पुतणी धरून आम्ही चौघे. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या या कुटुंबाला समोरच्या खाडीत चांदण्यात मसाला दूध प्यायचं होतं. हौस अगदी साधी होती, पण ती पार पाडायला बराच विचार करावा लागला आणि तो विचार लिहून ठेवण्यासारखा आहे.

आधी जागेबद्दल. उल्हास नदीचं पाणी ठाण्याच्या उत्तरेला साष्टी बेटाला वळसा घालून वसईकडे समुद्राला मिळतं. नागला बंदर ते गायमुख या टप्प्यात खाडी डोंगरांच्या मधून जाते. दक्षिणेला येऊरची आणि राष्ट्रीय उद्यानाची रांग आहे, तिचं सर्वांत उंच टोक जांभूळमाळ, 468 मीटर. उत्तरेच्या काठामागे कामणदुर्ग आणि तुंगारेश्वरचे डोंगर त्याहून उंच. समुद्राची लाट इथवर पोचत नाही. संध्याकाळी पाणी इतकं शांत असतं की डोंगराची सावली त्यात जशीच्या तशी दिसते. नवख्या माणसाला वाटतं, इथे नुसता दगड बांधून टाकला तरी होडी राहील.

या शांतपणानेच माणूस फसतो. डोंगर लाट अडवतात, वारा मात्र अडवतीलच असं नाही. दोन रांगांमधली खाडी वाऱ्याला वाट करून देते आणि मोकळ्या मैदानात जो वारा पसरला असता तो इथे एकवटून येतो. रात्री उतार गार पडले की थंड, जड हवा नाल्यानाल्यांतून खाली पाण्यावर उतरते. ऑक्टोबरात त्यात परतीच्या पावसाची भर. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर धरतात, पण त्याच्या आगेमागे दुपारी मुरबाड-कल्याणच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी ढग चढतात आणि रात्रीपर्यंत गडगडत पश्चिमेकडे येतात. ठाणेकरांना हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो, कधी त्याहूनही जास्त. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तोच फरक दीड मीटरपर्यंत उतरतो. कोजागरी म्हणजे पौर्णिमा, म्हणजे उधाण. बेत करताना चंद्राचा विचार झाला होता, पण तो दुधासाठी. नांगरासाठी तोच चंद्र अडचणीचा होता.

होडी आठ मीटर लांबीची, शिडाची, पाण्याखाली सव्वा मीटर खोल जाणारी. वसईच्या बाजूने दुपारच्या भरतीबरोबर ती आत आली. रेल्वेच्या आणि महामार्गाच्या पुलांखालून येताना डोलकाठी आडवी केली होती आणि पुढे आल्यावर पुन्हा उभी केली. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, दहा किलोचा, नांगरणीच्या फाळासारखा मुख्य नांगर. त्याला 30 मीटर साखळी आणि पुढे 30 मीटर नायलॉनचा दोर. दुसरा नांगर हलका, सात किलोचा, दोन रुंद पात्यांचा, चिखलात चांगला रुतणारा. त्याला पाच मीटर साखळी आणि 50 मीटर दोर.

मालकाच्या मनात होतं की दक्षिण काठाला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, तिवरांच्या जवळ जायचं. तिथे वारा लागणार नाही असा त्याचा हिशेब. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आम्ही तिकडे सरकत होतो, तेवढ्यात ओहोटीबरोबर परत निघालेली एक कोळ्याची होडी जवळून गेली. मालकाने हात केला.

"नाखवा, रात्री इथे थांबायचंय. कुठे टाकू नांगर?"

त्यांनी इंजिन हळू केलं, आमच्या होडीकडे वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि हाताने पूर्वेकडचा पट्टा दाखवला. "तिकरं नको. रेतीवाल्यांनी खड्डं पारल्यान. नांगर खाली जाल, पन धराचा नाय." मग पश्चिमेला पाण्यातून वर आलेले बांबू दाखवले. "त्ये आमचं खुंटं हान, जाल्यांचं. आनि कारंला जाव नको, उधान हाय. पानी जेवरं चरल तेवरंच उतरल, होरी चिखलान बसल."

माझ्या मते या मोजक्या वाक्यांत कुठल्याही नकाशाहून जास्त माहिती होती. या खाडीत वर्षानुवर्षं रेती काढली गेली. आधी हातपाटी-डुबीने, म्हणजे माणसाने बुडी मारून, नंतर सक्शन पंपाने. पंपाने उपसलेल्या जागी तळ सपाट राहत नाही, मध्येच पाच-सहा मीटरचा खड्डा लागतो आणि त्याच्या काठावर नांगर टाकला तर तो उतारावरून घसरत खड्ड्यात जातो. इको साउंडर फक्त होडीखालची खोली सांगतो, आजूबाजूचा उतार सांगत नाही. पुतणी आकडे मोठ्याने वाचत होती आणि आम्ही संथ वेगात त्या जागेभोवती एक पूर्ण फेरी मारली. "काका, तीन-दोन, तीन-एक, तीन-तीन, अरे, सात!" पूर्वेचा खड्डा तिथे होता. पुढे पुन्हा तीन. ही फेरी मारल्याशिवाय अनोळखी जागी नांगर टाकू नये. दहा मिनिटं जातात, पण रात्री होडी जिथे जिथे फिरणार ती सगळी जागा आधी पाहून होते.

आता चित्र असं होतं. पूर्वेला खड्डे. पश्चिमेला जाळ्यांचे खुंट. दक्षिणेला काठ, जो ओहोटीला उघडा पडतो. उत्तरेला बार्जची वाट. ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 चा भाग आहे, रात्रीही बार्ज जाऊ शकतो आणि अरुंद वाटेत नांगर टाकणं टाळावं हा समुद्री वाहतुकीचा नियमच आहे. मधे उरलेली मोकळी जागा प्रवाहाच्या दिशेने दीडशे मीटरांपेक्षा थोडी कमी, आडवी शंभरेक मीटर.

इथे साखळीचा हिशेब करायला हवा, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरतं. नांगर स्वतःच्या वजनाने होडी धरत नाही. त्यावरची ओढ आडवी असेल तर तो तळात रुततो, ओढ वरच्या दिशेने आली की उखडतो. ओढ आडवी राहावी म्हणून खोलीच्या कितीतरी पट साखळी-दोर सोडावा लागतो. चांगल्या हवेत पाचपट आणि वारा जोराचा असेल तर सातपट धरतात. खोली म्हणजे पाण्याची खोली अधिक पाण्यापासून नाळेपर्यंतची उंची.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी संपत आली होती. पाणी तीन मीटर, नाळ एक मीटर वर. एकूण चार. पाचपट म्हणजे 20 मीटर. बहुतेक लोक इथे थांबतात, 20 मीटर सोडतात आणि चहा ठेवतात. पण रात्री एकच्या सुमारास पूर्ण भरतीला तिथेच सात मीटर पाणी होणार होतं. सात अधिक एक म्हणजे आठ. तीच 20 मीटर साखळी तेव्हा जेमतेम अडीचपट. संध्याकाळी घट्ट बसलेला नांगर रात्री, सगळे झोपलेले असताना, कुणी हात न लावता सैल होतो. साखळीचं माप नेहमी रात्रीच्या सर्वांत जास्त पाण्यावर काढावं, समोर दिसणाऱ्या पाण्यावर नव्हे.

म्हणजे किमान 40 मीटर हवे होते. वाऱ्याची शक्यता धरली तर 50 ते 56. पण एका नांगरावर 56 मीटर सोडले तर ओहोटीच्या कमी पाण्यात होडी चौसष्ट मीटर त्रिज्येच्या गोलात फिरू शकते. तेवढी जागा नव्हती. एका बाजूला खुंटात जाईल, दुसऱ्या बाजूला बार्जच्या वाटेत. साखळी कमी करावी तर नांगर सुटतो, वाढवावी तर होडी भलतीकडे जाते. डोंगरांच्या मधल्या निमुळत्या जागेत ही अडचण नेहमीची आहे. बाहेर मांडव्याच्या बाजूला असतो तर वीस मीटर इकडे-तिकडे कुणी विचारलं नसतं.

मालकाने तीन पर्याय बोलून दाखवले. जेटीच्या कडेला बांधणं, एक नांगर टाकून कमी साखळीवर पहारा ठेवणं, आणि दोन नांगर. जेटीचा पर्याय लगेच बाद झाला, कारण ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो आणि सव्वा मीटर खोल जाणारी कील, म्हणजे तळाखालचं उभं पातं, असलेली होडी कलंडते. दुसरा पर्याय सोडायला तो थोडा घुटमळला, कारण दोन नांगर म्हणजे अंधार पडायच्या वेळी दुप्पट काम. शेवटी प्रवाह आणि वारा दोन्ही बघून त्याने दोन नांगरांचा निर्णय घेतला आणि माझ्या मते तोच बरोबर होता. या वळणावर पाणी दोनच दिशांनी वाहतं, आत किंवा बाहेर. डोंगरांमुळे जोराचा वाराही बहुतेक त्याच रेषेत येतो. म्हणून एक नांगर पूर्वेला, एक पश्चिमेला, दोन्हींचे दोर नाळेवरूनच. प्रवाह फिरला की होडी एका नांगरावरून सुटून दुसऱ्यावर लटकते. नांगर तळात उलटा फिरत नाही आणि होडीही फारशी हलत नाही.

मुख्य नांगर पूर्वेला, पण खड्ड्यापासून पुरेसा अलीकडे टाकला. पहिल्या वेळी तो धरला नाही. इंजिन मागे चालवलं तर साखळीवर ठेवलेल्या हाताला खरखर जाणवली, म्हणजे नांगर तळावरून ओढला जात होता. वर घेतला तेव्हा फाळावर प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा आणि जाळ्याचा एक तुकडा. या खाडीत हे होणारच. प्लास्टिक गुंडाळलेला नांगर कितीही चांगला असला तरी रुतत नाही, आणि वर न काढता पाहिलं तर कळतही नाही. पिशव्या सोडवून डब्यात भरल्या आणि दहा-बारा मीटर बाजूला पुन्हा टाकला. या वेळी इंजिन हळूहळू वाढवत नेलं. साखळी ताठ झाली आणि हाताखाली अगदी स्थिर राहिली. काठावरचा एक दिव्याचा खांब आणि त्याच्या मागचा इमारतीचा कोपरा एका रेषेत धरले होते, ती रेष तसूभरही सरकली नाही. नांगर बसला.

मग उरलेल्या ओहोटीबरोबर होडी पश्चिमेला 60 मीटर सरकू दिली. मुख्य नांगराची साखळी आणि दोर पूर्ण सुटला. तिथे दुसरा नांगर टाकला, मुख्य दोर ओढत मधे परत आलो, जाता जाता दुसऱ्याचा दोर सोडत गेलो आणि त्यालाही पुढे इंजिन देऊन रुतवला. शेवटी दोन्हींवर 40-40 मीटर. नांगरांमधलं अंतर 60 मीटर, म्हणजे भरती असो वा ओहोटी, होडी प्रवाहाच्या रेषेत वीस मीटरच्या पट्ट्यातच राहणार. ज्या नांगरावर ताण नाही त्याचा दोर सैल तरंगून कीलमध्ये किंवा पंख्यात अडकू नये म्हणून त्यावर दोन किलोचं वजन अडकवून खाली बुडवलं. मुख्य नांगराचा नायलॉनचा दोर नाळेवर येत होता, म्हणून झटका शोषायला वेगळं काही लागलं नाही. नुसती साखळी असती तर तिला नायलॉनचा तुकडा जोडावा लागला असता, कारण साखळी ताणत नाही आणि सगळा हिसका नांगराला बसतो. दोर जिथे नाळेच्या कडेला घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चिरून बसवला.

डोलकाठीवर चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावला. मालकाच्या बायकोने आणलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा तिने स्वतःच आत ठेवल्या. बार्ज चालवणाऱ्याला एकच दिवा दिसायला हवा आणि तो नांगरावरच्या होडीचाच आहे हे कळायला हवं.

दूध साडेनऊला झालं. केशर-वेलदोड्याचं, चारोळ्या घातलेलं. त्याआधीच पूर्वेला, कोलशेतच्या मागे, विजा दिसायला लागल्या होत्या. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा ठाण्यासाठी आला. पुतणीच्या फोनवरच्या 'दामिनी' या विजांचा इशारा देणाऱ्या अ‍ॅपमध्ये विजा आधी 40 किलोमीटरच्या वर्तुळात, मग 20 च्या आत आल्या. मालकाने शीड पुन्हा आवळून बांधलं, डेकवर सैल काही ठेवलं नाही, इंजिन सुरू करून नुसतं चालू ठेवलं. डोलकाठीला आणि तिच्या तारांना कुणी हात लावायचा नाही असं सांगून दोघींना आत पाठवलं.

दहा वीसच्या सुमारास वारा आला. आधी गार झुळूक, मग मिनिटभरात होडीवरचा वाऱ्याचा काटा 31 नॉट, म्हणजे ताशी साधारण 57 किलोमीटर. दहा नॉटच्या वाऱ्याहून तीस नॉटचा वारा तिप्पट नव्हे, नऊपट जोर लावतो. शिवाय वेळ अगदी वाईट होती. ओहोटी संपून साडेतीन तास झाले होते. पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे भरतीचा प्रवाह तेव्हा सर्वांत जोरात होता, आत, पूर्वेकडे. आणि वारा पूर्वेकडून, बाहेर.

होडी पश्चिमेच्या नांगरावर, तोंड पश्चिमेला करून उभी होती. वारा मागून बसला आणि तिने स्वतःच्याच दोरावरून पुढे धाव घेतली. एकच नांगर असता तर इथेच घोटाळा झाला असता. दोर कीलखाली गेला असता, होडी आडवी होऊन हिसका बसला असता आणि नांगर विरुद्ध बाजूने उपटला गेला असता. इथे ती वीसेक मीटर गेली आणि पूर्वेचा दोर ताठ झाला. नाळ खाडकन फिरून वाऱ्याकडे आली. पश्चिमेचा दोर वजनासह खाली होता, कीलला लागला नाही.

पण पुढची दहा मिनिटं सोपी नव्हती. मुख्य वारा खाडीच्या रेषेत असला तरी अधूनमधून येऊरच्या उतारावरून, दक्षिणेच्या एका घळीतून, झोत येत होते. ते आडवे बसत. होडी तेव्हा ना वाऱ्याकडे तोंड करे ना पाण्याकडे, आणि बार्जच्या वाटेकडे ढकलली जाई. आडव्या ओढीत दोन्ही दोर एकाच वेळी ताणले जातात, त्यांच्यातला कोन रुंद असतो आणि ताण एका नांगरावरच्या ताणाहून जास्त होतो. दोन नांगरांच्या पद्धतीतला हा खरा कमकुवत भाग आहे. मालक नाळेवर सरपटत गेला आणि दोन्ही दोर दहा-दहा मीटर सैल सोडले. ताण लगेच उतरला, कोनही लहान झाला. त्या वेळी पाणी साडेपाच मीटर होतं, म्हणजे आता प्रमाण सातपटीच्या वर. मी सुकाणूवर बसून इंजिन अगदी हळू पुढे दिलं, फक्त झोत आला की.

फोनवरची नांगराची खूण आणि काठावरची दिव्यांची रेष, दोन्ही पाहत होतो. खांब आणि कोपरा एकमेकांपासून सुटले, मग एका ठरावीक अंतरावर थांबले. नंतर नोंद पाहिली तर दुसरा, हलका नांगर चार-पाच मीटर सरकून पुन्हा रुतला होता. मुख्य नांगर हलला नव्हता. पाऊस अर्धा तास पडला. अकराला चंद्र परत दिसायला लागला.

झोपायला सगळे एकदम गेले नाहीत. एकला पाणी पूर्ण चढलं, थांबलं आणि उतरायला लागलं, ते वळण जागं राहून पाहणं गरजेचं होतं. भरती-ओहोटीच्या सांध्यावर होडी स्वतःभोवती फिरते आणि दोन दोर एकमेकांत गुंडाळले जाऊ शकतात. गुंडाळी एकच झाली. दोन-दोन तास वाटून घेतले. पुतणीने पहाटेची पाळी मागून घेतली आणि तासातासाला खोली वहीत लिहिली. ती वही आज या नोंदीचा आधार आहे.

सकाळी सातला, ओहोटी संपून पाणी थांबल्यावर, नांगर उचलले. आधी दुसरा. त्याचा दोर नाळेवरून सोडून मुख्य दोराभोवतीची गुंडाळी हातानेच उलटी फिरवून काढली. ताण असताना हे करता येत नाही, बोटं जातात. नांगर वर आला तेव्हा पात्यांवर निळसर राखाडी चिखल इतका चिकटला होता की बादलीने पाणी मारून सुटेना, लाकडी पट्टीने खरवडावा लागला. अशा चिखलात रुतलेला नांगर धरतो यात शंका नाही. हलका नांगर सरकला त्याचं कारण माझ्या मते तळ नव्हे, त्याची पाच मीटरची साखळी. वाऱ्यात नायलॉन ताणला की इतकी कमी साखळी तळावर टिकत नाही आणि ओढ वरच्या दिशेने होते.

मुख्य नांगर मात्र इंजिनने त्याच्या बरोबर वर जाऊन, दोर उभा करून, दहा मिनिटं तसाच धरून ठेवावा लागला, तेव्हा कुठे चिखलाने सोडला.

मालकाने दुसऱ्या नांगरासाठी आणखी दहा मीटर साखळी घेतली आहे आणि दोन्ही दोरांवर दर पाच मीटरला रंगीत धाग्याची खूण बांधली आहे, म्हणजे अंधारात किती सोडलं ते बोटांनी मोजता येईल. पुढच्या वेळी तो पौर्णिमेऐवजी अष्टमीच्या आसपास, भांगेच्या पाण्यात जाणार आहे. बायकोला चंद्र पूर्णच हवा आहे, त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.